लंकेचा समुद्र : कोणत्या महिन्यात कोणता किनारा?

श्रीलंकेहून माणूस परत आला की ओळखीची मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचा आणि दुसरा कँडीच्या दंतधातू विहाराचा. २०२४ च्या जूनमध्ये आम्ही सहकुटुंब धम्मयात्रेला जाऊन आलो तेव्हा आम्हालाही हेच विचारले गेले. या स्थळांविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी त्या बेटावर गेले, तेव्हापासून आपल्या माणसांना लंकेची वाट अनोळखी राहिलेली नाही. म्हणून आज मी लिहिणार आहे ते त्या बेटाच्या भोवतालच्या पाण्याविषयी.

निमित्त झाले आमच्या धाकट्या मुलीचे. यात्रेचे पैसे भरून झाल्यावर ती एके रात्री जेवताना म्हणाली, “बाबा, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या देशात जायचे आणि किनाऱ्यावर नुसते फोटो काढून परत यायचे का? मला पाण्याखाली उतरायचे आहे. स्कूबा डायव्हिंग.”

तिच्या आईची भाकरी तव्यावर तशीच राहिली. मीही काही बोललो नाही.

आमच्या भीतीचे कारण सांगतो. आमच्या घराण्यात पोहता येणारा माणूस नव्हता. माझे वडील मराठवाड्यातल्या एका खेड्यात वाढले. उन्हाळ्यात गावची पोरे पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत उड्या मारायची आणि आठ दिवसांत मासोळीसारखी पोहू लागायची. आमच्या वस्तीतल्या पोरांनी ते लांबून बघायचे. विहिरीच्या पायऱ्या उतरायची त्यांना बंदी होती. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी प्यायले, पण आमच्या गावच्या विहिरीपर्यंत ती गोष्ट पोचायला आणखी एक पिढी जावी लागली. जिथे पाण्याला हात लावता येत नव्हता तिथे पोहायला कुठून शिकणार? मी शहरात आलो, नोकरी लागली, पण वडिलांकडून आलेली पाण्याची भीती तशीच राहिली. मुलीला मात्र मी नगरपालिकेच्या तलावावर हट्टाने पोहायला घातले. ती पोहत असायची आणि मी बाहेर कठडा घट्ट धरून उभा असायचो.

आता ती खाली जायचे म्हणत होती. तिला नाही म्हणायला माझ्याकडे भीतीखेरीज दुसरे कारण नव्हते. आणि भीती हे काही कारण होत नाही, हे मीच तिला लहानपणापासून सांगत आलो होतो. शेवटी मी एक अट घातली. कुठे उतरायचे, केव्हा उतरायचे आणि का, हे तिने मला नकाशावर समजावून सांगावे. पटले तर हो म्हणेन. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात लंकेचा नकाशा पसरलेला होता. त्या पंधरा दिवसांत आणि नंतर प्रत्यक्ष प्रवासात जे कळले, ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

एक बेट, दोन पावसाळे

आपल्याकडे पावसाळा एक. जूनमध्ये येतो, सप्टेंबरअखेर जातो. लंकेला पावसाळे दोन आहेत आणि ते बेटाच्या दोन निरनिराळ्या बाजूंना झोडपतात.

मे ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून वाहतो. हा आपलाच मान्सून. केरळात शिरण्याच्या सुमारास तो लंकेच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर आदळतो. कोलंबो, हिक्कडुवा, गॉल या भागात समुद्र खवळतो, नद्यांचा गाळ बाहेर येतो आणि पाणी गढूळ होते. परंतु बेटाच्या मध्यभागी उंच डोंगर आहेत. ढग तिथे अडतात. त्यामुळे डोंगरापलीकडचा पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआकडचा भाग, नेमका याच महिन्यांत कोरडा आणि शांत असतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी सगळे उलट होते. वारा ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून येतो. तेव्हा पूर्व किनाऱ्यावर पाऊस आणि लाटा, तर पश्चिमेचे आणि दक्षिणेचे पाणी निवळलेले. या दोहोंच्या मध्ये दोन संधिकाळ आहेत. मार्च-एप्रिलचा संधिकाळ बहुधा चांगला जातो, पश्चिम आणि दक्षिण समुद्र तेव्हा अगदी थंडावलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा मात्र भरवशाचा नाही. पाऊस कुठेही पडतो आणि बंगालच्या उपसागरात वादळे उठतात ती याच दिवसांत.

तेव्हा साधा नियम असा : नोव्हेंबरअखेर ते एप्रिल पश्चिम आणि दक्षिण किनारा, मे ते सप्टेंबर पूर्व किनारा. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी अर्धे काम झाले. जूनमध्ये हिक्कडुवाला जाऊन पाण्याखाली उतरतो म्हणणे आणि जूनमध्ये मालवणला जाऊन तारकर्लीच्या होड्या चालू आहेत का म्हणून विचारणे, दोन्ही सारखेच.

हे ज्ञान काही आजचे नाही. चिनी भिक्खू फाहियान पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ताम्रलिप्तीच्या बंदरातून लंकेला निघाला. त्या बंदराच्या गावी त्याने दोन वर्षे सूत्रांच्या प्रती उतरवून घेण्यात घालवली होती. मग हिवाळा सुरू होऊन वारा अनुकूल झाल्यावर तो एका व्यापारी जहाजावर चढला आणि १४ दिवस १४ रात्रींनी लंकेला पोचला. ज्याच्यापाशी नकाशा नव्हता त्यानेही वारा पाहूनच पाऊल उचलले. आपल्यापाशी तर सगळे काही आहे.

आपल्या सुट्ट्या आणि तिकडचे पाणी

आपली माणसे लंकेला जातात ती बहुधा चार वेळांना. मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीत, नाताळच्या सुमारास, मे महिन्यात, किंवा वैशाख-ज्येष्ठाच्या पौर्णिमा धरून.

दिवाळीची सुट्टी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संधिकाळात येते. अशा वेळी तीर्थस्थळे बघावीत आणि समुद्राचा बेत मनात धरून जाऊ नये. लाभला तर लाभला. नाताळपासून मार्चपर्यंत जाणाऱ्यांनी डोळे झाकून पश्चिम आणि दक्षिण किनारा धरावा. मे महिना दोन्हींच्या उंबरठ्यावर आहे. महिन्याच्या आरंभी पश्चिमेला एखादा चांगला दिवस मिळूनही जातो, पण मान्सून कधी पोचेल ते सांगता येत नाही. सहल मेच्या उत्तरार्धात असेल तर पूर्वेलाच जावे.

पोसोन पौर्णिमा, म्हणजे आपली ज्येष्ठ पौर्णिमा, जूनमध्ये येते. महेंद्र थेरांच्या आगमनाचा तो दिवस. अनुराधपूर आणि मिहिंतले येथे त्या दिवशी लाखोंचा समुदाय जमतो, रस्त्यावर जागोजागी मोफत अन्नदान चालते. आणि या यात्रेला समुद्राची जोड देणे सर्वांत सोपे आहे, कारण अनुराधपूरहून पूर्वेला सरळ जाणारा रस्ता साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर त्रिंकोमालीलाच पोचतो, आणि जूनमध्ये नेमके तिथलेच पाणी चांगले असते. मात्र पौर्णिमेचा दिवस लंकेत दर महिन्याला सार्वजनिक सुट्टीचा असतो. त्या दिवशी बोटी चालू आहेत की नाहीत, हे आधी विचारून ठेवावे.

पश्चिम आणि दक्षिण

विमानतळाला सर्वांत जवळ नेगोंबो. तिथून जवळच्याच समुद्रात २०२१ साली ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे मालवाहू जहाज पेटले आणि बुडाले. त्यातले प्लास्टिकचे बारीक दाणे कित्येक किनाऱ्यांवर पसरले. मच्छीमारांच्या पोटावर पाय आला. समुद्राकडे बघताना ही गोष्टही माहीत असावी.

नेगोंबोच्या उत्तरेला कल्पिटिया आहे. तिथली ‘बार रीफ’ ही मोठी प्रवाळरांग १९९२ साली संरक्षित झाली. १९९८ आणि २०१६ या वर्षांत समुद्राचे पाणी तापले तेव्हा तिथले प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणात मेले. डॉल्फिन पाहायला लोक तिथे हिवाळ्यात जातात.

कोलंबोच्या समोर समुद्रतळाशी अनेक बुडालेली जहाजे आहेत. जहाज बुडाले की काही वर्षांत त्याच्यावर प्रवाळ चढतात, माशांची वसाहत होते. अनुभवी लोक ती बघायला उतरतात. पहिल्यांदा उतरणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

हिक्कडुवा कोलंबोच्या दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवर. आगगाडी समुद्राच्या अगदी कडेने जाते, खिडकीतून लाटांचे तुषार दिसतात. नवशिक्यांसाठी हे जुने ठिकाण. १९७९ साली इथला समुद्र संरक्षित झाला, २००२ साली राष्ट्रीय उद्यान झाला. १९०३ साली बुडालेले ‘काँच’ हे तेलवाहू जहाज इथून जवळच आहे. पुढे गॉलजवळ उनावटुना आहे. तिथला उपसागर अर्धवर्तुळाकार असल्याने हंगामात पाणी शांत असते.

दक्षिण टोकाकडे किनाऱ्यापासून दूर ‘ग्रेट बेसेस’ नावाचे खडक आहेत. तिथे दीपगृह आहे. प्रवाह इतके जोरदार की बहुधा मार्च-एप्रिलमध्येच उतरता येते, आणि तेही अनुभवी माणसांना. १९६१ साली तिथे चांदीच्या रुपयांच्या राशी सापडल्या. ते रुपये औरंगजेबाच्या काळातले, सुरतेच्या टांकसाळीत १७०२ साली पाडलेले निघाले. सुरतेहून निघालेले जहाज या खडकांवर फुटले असणार. ते शोधणाऱ्या मंडळींत प्रसिद्ध विज्ञानलेखक आर्थर क्लार्क यांचे सहकारी माईक विल्सन होते. क्लार्क १९५६ साली लंकेला आले ते मुख्यतः पाण्याखाली उतरण्याच्या ओढीने, आणि २००८ साली मरण पावेपर्यंत तिथलेच झाले.

पूर्व किनारा

१९८३ ते २००९ या काळात यादवी युद्धामुळे पूर्व किनारा प्रवाशांना जवळजवळ बंदच होता. म्हणून जुन्या प्रवासपुस्तकांत हिक्कडुवाचेच नाव फार. आता तसे नाही.

त्रिंकोमालीच्या उत्तरेला निलावेली हे गाव. किनाऱ्यापासून साधारण एक किलोमीटरवर ‘पिजन आयलंड’ हे छोटे बेट आहे. २००३ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. प्रवेशाला वन्यजीव खात्याचे तिकीट लागते. पाणी उथळ, प्रवाळ जवळ, आणि काळ्या टोकाच्या पंखांचे लहान शार्क मासे इथे दिसतात. ते माणसाला बघून स्वतःच दूर जातात.

त्रिंकोमाली गावातच उंच कड्यावर कोणेश्वरम् मंदिर आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी जुने मंदिर पाडले, त्याचे दगड खाली समुद्रात गेले. १९५६ साली क्लार्क आणि विल्सन यांना ते पाण्याखाली दिसले.

आणखी दक्षिणेला बट्टिकलोआजवळ ‘हर्मीस’ हे ब्रिटिश विमानवाहू जहाज आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ते बुडवले. ३०७ माणसे गेली. ते पन्नास मीटरहून जास्त खोल आहे, आणि हौशी माणसाची मर्यादा ४० मीटर. तेव्हा ते खास प्रशिक्षण घेतलेल्यांचे काम.

छापील कार्यक्रमातली चूक

आता आमच्या यात्रेकडे येतो. यात्रा कंपनीच्या छापील कार्यक्रमात तिसऱ्या दिवशी असे लिहिले होते : ‘सकाळी हिक्कडुवा, काचेच्या तळाची बोट, इच्छुकांसाठी स्कूबा. दुपारी नुवारा एलियाकडे प्रयाण.’

मुलीने त्या एका ओळीतल्या दोन चुका दाखवल्या. पहिली म्हणजे महिना. दुसरी मला माहीत नव्हती. नुवारा एलिया समुद्रसपाटीपासून १,८६८ मीटर उंच आहे. पाण्याखाली दाब जास्त असतो, त्यामुळे श्वासातला नायट्रोजन वायू रक्तात आणि अंगात मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. तोवर माणूस विमानात बसला किंवा उंच घाट चढला तर बाहेरचा दाब एकदम कमी होतो आणि त्या वायूचे अंगात बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडली की होतात तसेच. सांधे दुखतात, हातपाय लुळे पडू शकतात, जिवावरही बेतते. म्हणून एकदाच उतरलेल्या माणसाने निदान १२ तास आणि अनेकदा उतरलेल्याने निदान १८ तास विमानात बसू नये. उंच डोंगरालाही हेच लागू. आम्ही तर पूर्ण एक दिवस मोकळा ठेवावा असे म्हणू.

सांगायचा मुद्दा हा की लंकेत डोंगर आधी करावा आणि समुद्र नंतर. समुद्रानंतर एक दिवस सपाट मुलखात काढावा, मग विमान.

यात्रा कंपनीच्या माणसाला मुलीने फोनवर हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, दरवर्षी जातात लोक, काही होत नाही.” शेवटी हिक्कडुवा यादीत राहिलेच. मात्र पोसोननंतरचा एक दिवस त्रिंकोमालीसाठी वाढवून घेण्यात आमच्या गटातली सात-आठ कुटुंबे यशस्वी झाली.

हिक्कडुवाला पोचलो तेव्हा समुद्र करडा झालेला. लाटा खडकांवर फुटत होत्या. तरीही एक दलाल आमच्यामागे लागलाच. “खाली गेल्यावर लाटा नसतात,” असे तो सांगे, आणि पैसे निम्म्यावर आणले. गटातले दोन तरुण तयारही झाले. मुलगी त्यांना घेऊन पाण्याच्या कडेला गेली. “दादा, गुडघाभर पाण्यात तुमचे पाय दिसतात का बघा,” एवढेच ती म्हणाली. पाय दिसत नव्हते. जिथे स्वतःचा पाय दिसत नाही तिथे मार्गदर्शक कसा दिसणार? दोघे परत फिरले. स्वस्त झाले म्हणून समुद्र शांत होत नाही, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

त्याच दुपारी जवळच्या पेरालिया गावी थांबलो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथे आगगाडी लाटेखाली सापडली आणि हजाराहून अधिक माणसे दगावली. जपानच्या साहाय्याने उभारलेली बुद्धाची उंच उभी मूर्ती तिथे समुद्राकडे तोंड करून आहे. वंदना झाल्यावर एका वृद्ध उपासकाने सांगितले की पूर्वी या किनाऱ्यावर चुन्यासाठी प्रवाळ खणून काढीत. जिथला प्रवाळ गेला तिथे लाट जास्त आत घुसली, असे पुढे अभ्यासकांनाही आढळून आले. प्रवाळ हा किनाऱ्याचा बांध आहे. तो वाढायला शेकडो वर्षे लागतात आणि मोडायला एक लाथ पुरते. पाण्याखाली उतरणाऱ्याने प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये, शंख-शिंपले उचलू नयेत. अदिन्नादाना फक्त जमिनीपुरते नसते.

शरीराचा हिशेब

पाण्याखाली उतरण्याविषयी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. पाठीवर ऑक्सिजन असतो असे म्हणतात. प्रत्यक्षात त्या टाकीत आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे फुगा १० मीटर खाली नेला तर निम्म्या आकाराचा होतो. हेच उलट केले तर? खाली भरून घेतलेला श्वास कोंडून माणूस झटकन वर आला, तर फुप्फुस फुग्यासारखे फुगते आणि फाटू शकते. म्हणून पहिला नियम : श्वास कधीही कोंडू नये. दुसरा : वर यायचे ते सावकाश. तिसरा : खाली जाताना कान दुखू लागण्याआधीच नाक दाबून हलकेच फुंकर मारावी आणि कान मोकळे करावेत. दुखत असताना पुढे जाऊ नये.

पहिल्यांदा उतरणाऱ्याला मार्गदर्शक १२ मीटरपेक्षा खाली नेत नाहीत. नेत असतील तर ते ठिकाण सोडावे. रीतसर परवाना घ्यायचा तर तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम असतो. त्यात २०० मीटर पोहून दाखवावे लागते आणि १० मिनिटे तरंगावे लागते. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येते. वयाची अट निदान १० वर्षे.

उतरण्यापूर्वी एक फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयविकार, फेफरे, कानाचे ऑपरेशन, मधुमेह, गर्भारपण असे प्रश्न त्यात असतात. आमच्या गटात एका तरुणाचे लहानपणी कानाचे ऑपरेशन झालेले होते. सोबतचा एकजण म्हणाला, “टाक ‘नाही’ लिहून, कोण बघायला बसलंय!” त्यावर त्याच्या आईने शांतपणे सांगितले, “काल मिहिंतलेला पाच शीलं घेतलीस ना? चौथं काय होतं?” सगळे हसले. पण त्या मुलाने ‘होय’ लिहिले आणि तो मागे राहिला. त्याचे मला कौतुक वाटले. तो फॉर्म बोटवाल्यासाठी नसतो, आपल्या जिवासाठी असतो.

मार्गदर्शक निवडताना चार गोष्टी विचाराव्यात. त्याचे प्रमाणपत्र कोणते? एका मार्गदर्शकामागे माणसे किती? पहिल्यांदा उतरणाऱ्याला दोनापेक्षा जास्त जोडीदार नसावेत. बोटीवर ऑक्सिजन आहे का? तो इथे मात्र हवाच, प्रथमोपचारासाठी. आणि काही झाले तर जवळचे इस्पितळ कुठे? या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये.

निलावेलीची सकाळ

पोसोनची गर्दी मागे टाकून आम्ही त्रिंकोमालीला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निलावेलीच्या वाळूवर उभे राहिलो तेव्हा समुद्र एखाद्या थाळीतल्या पाण्यासारखा दिसत होता. पाचच दिवसांपूर्वी, त्याच देशात, त्याच महिन्यात, हिक्कडुवाला आम्ही करडा समुद्र पाहिला होता. नकाशावर समजले होते ते आता डोळ्यांना दिसले.

मार्गदर्शक तिथलाच एक तमिळ तरुण होता. त्याने मुलीला आधी कमरेएवढ्या पाण्यात तासभर शिकवले. तोंडातून श्वास, मास्कमध्ये आलेले पाणी कसे काढायचे, हाताच्या खुणा. अंगठा वर केला तर ‘छान’ असा अर्थ होत नाही, ‘वर चला’ असा होतो, हे मला तिथे कळले. मग आम्ही बोटीतून बेटाजवळ गेलो. मला रक्तदाब, हिला दमा. आम्ही दोघे बोटीतच बसणार होतो.

मुलगी पाठीमागे कलली आणि पाण्यात गेली. एकदा वर बघून तिने बोटांनी खूण केली, आणि दिसेनाशी झाली.

त्यानंतरची पस्तीस मिनिटे मी विसरणार नाही. पाण्यावर बुडबुडे येत होते. बोटवाला म्हणाला, “बबल बघा, बबल आहेत तोवर सगळं ठीक.” मी बुडबुड्यांवरून नजर हलवली नाही. हिने माझा हात धरला होता. मला वडिलांची आठवण झाली. त्या विहिरीच्या काठापासून दूर उभे राहून बघणारा एक पोरगा. त्याची नात आता हिंदी महासागराच्या तळाशी होती आणि तिला कोणी अडवले नव्हते.

ती वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मास्कचा वळ उमटला होता. दम खाऊन पहिले वाक्य बोलली ते हे : “बाबा, खाली गेल्यावर लाल रंग जातो. माझा लाल रबर काळा दिसायला लागला. मग पिवळा फिका पडतो. निळा मात्र कुठे जात नाही.”

नंतर समजले की ते खरेच आहे. पाणी प्रकाशातला तांबडा रंग आधी शोषून घेते, निळा सर्वांत खोलवर पोचतो. पण त्या क्षणी मला कारण विचारावेसे वाटले नाही. हिने पदराने तिचे केस पुसले. मग बेटाच्या उथळ काठावर मुलगी म्हणाली, “या ना बाबा, हात धरते.” मी पँट वर केली आणि उतरलो. पाणी कमरेपर्यंत आले. पाय दिसत होते, पायांभोवती फिरणारे बारीक मासे दिसत होते. आयुष्यात प्रथमच मी पाण्यात उभा होतो आणि कशाला धरायचे ते शोधत नव्हतो.

पुढचा दिवस आम्ही दांबुल्लामार्गे सपाट रस्त्याने कोलंबोला परतण्यात घालवला. विमान तिसऱ्या दिवशी होते.

घरी आल्यावर मी नगरपालिकेच्या तलावावर सकाळच्या बॅचला नाव घातले. डॉक्टरांना विचारूनच. शिकवणारा पोरगा माझ्या मुलापेक्षाही लहान आहे, पण सर म्हणतो मी त्याला. अजून मला तलावाची अर्धी लांबीच येते.

वाचकहो, लंकेला जाल तेव्हा तीर्थ पौर्णिमा पाहून करा आणि समुद्र वारा पाहून. पण त्याआधी आपल्या मुलामुलींना पोहायला घाला. आपल्या गावचा तलाव आता त्यांना बंद नाही.